अर्ध्या वाटेवरचा मुक्काम



सुट्ट्या जवळ आल्या की मला एकच प्रश्न चार जणी विचारतात. लेकरांना घेऊन घरी जायचंय, मध्ये कुठे थांबावं की एका दमात जाऊन मोकळं व्हावं? मी थांबा असं सांगते. पण का थांबायचं हे फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, कारण ते सांगायला मला किनवटच्या एका रात्रीपासून सुरुवात करावी लागते. ती रात्र सांगायला मला अजूनही जरा जड जातं.

किनवट माझं सासर. नांदेड जिल्ह्याचं अगदी टोक, सागाच्या रानाचा तालुका. १९५६ पर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणून बाजारात अजून मराठीच्या जोडीला तेलुगू ऐकू येतं. आमच्या सासूबाईंचा तिथल्या घरात चाळीस वर्षांचा रात्रिभोजन त्यागाचा नियम आहे. चारी आहारांचा, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. आणि नियम त्यांचा एकटीचा असला तरी चूल घराची. दिवस मावळायच्या आत ओटा पुसायचा, पाण्याचं भांडं झाकायचं, गॅसचा कॉक फिरवायचा आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्या लोटलेल्या दाराची भीती वाटायची. नंतर सवय झाली, आणि न्यू जर्सीला गेल्यावर त्या दाराची आठवण यायला लागली.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका दमात आलो. न्यूअर्कहून मुंबई थेट, पंधरा तास. रात्री उतरलो, दुसऱ्या दिवशी दुपारी नंदीग्राम एक्सप्रेस पकडली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी किनवट. थोरली तेव्हा सहा वर्षांची होती, धाकटा एक वर्षाचा. धाकट्याचं काही नाही, तो माझ्या अंगावर पीत होता, त्याचं जग माझ्याबरोबरच फिरत होतं. थोरली दिवसभर झोपली. कितीही हलवलं तरी उठेना. संध्याकाळी पाचला ताट वाढलं तर ताटावरच डुलक्या. दोन घास खाल्ले आणि आडवी झाली. रात्री अडीचला टक्क उठून बसली. "आई, भूक."

आता हिशोब बघा. हिवाळ्यात न्यू जर्सी आणि भारत यांच्यात साडेदहा तासांचं अंतर. किनवटात रात्रीचे अडीच म्हणजे तिच्या पोटात दुपारचे चार. शाळेच्या बसमधून उतरून दप्तर टाकून "काय खायला आहे?" म्हणायची ती वेळ. ती हट्ट करत नव्हती, तिला खरंच कडकडून भूक लागली होती. मी बॅगा चाचपल्या. प्रवासातलं सगळं संपलेलं. बिस्किटाचा एक पुडा होता, तो तिने नंदीग्राममध्ये सांडला होता. मी तिला पाणी दिलं, गोष्ट सांगितली, थोपटलं. ती आधी हळू रडली, मग मोठ्यानं. मी काय करत होते म्हणाल तर त्या लोटलेल्या दाराकडे बघत होते.

सासूबाई उठून आल्या. "लेकरू रडायलंय अन् तू काय बघायलीस?" एवढंच म्हणाल्या. स्वतः दार उघडलं, दिवा लावला, गॅसचा कॉक फिरवला आणि मुगाची खिचडी टाकली. थोरलीला मांडीवर घेऊन भरवली. ओटा पुन्हा पुसला, दार लोटलं, जाऊन झोपल्या. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं की चला, एवढं काही कडक नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "पोट जड वाटतंय" म्हणाल्या. मी ओव्याची पूड देऊ का विचारलं. नको म्हणाल्या. पुढे वर्षभरानं एका लग्नात जाऊबाई सहज बोलून गेल्या, की आईंचा तो उपवास होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा रात्री त्या घरची चूल पेटली, म्हणून. सासूबाईंनी त्याबद्दल मला कधी शब्दानं विचारलं नाही की सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं.

ही गोष्ट मी आमच्या ह्यांना एकदा जेवताना सांगितली. थोरली समोरच बसली होती. मुलं ऐकत नसतात असं आपल्याला वाटतं. ती आठ वर्षांची झाली त्या दशलक्षणात, फ्रँकलिनच्या जैन सेंटरच्या पाठशाळेतून आली आणि म्हणाली, मी रात्री अन्न खाणार नाही, दूध-पाणी चालेल. आम्हाला कौतुक वाटलं. ह्यांनी आईंना फोन लावून सांगितलंसुद्धा. दहा दिवस झाले, दशलक्षण संपलं, तरी हिचं सुरूच. शेवटी मी विचारलं, अगं का? तर म्हणाली, "आपण किनवटला जाऊ तेव्हा आजीला परत उपास पडायला नको."

मैत्रिणींनो, इथे मला अभिमान वाटायला हवा होता, आणि तुमच्यातल्या काहींना वाटेलही. मला पोटात गोळा आला. ही धर्माची आवड नव्हती. एका सहा वर्षांच्या मुलीनं भूक लागली म्हणून रडल्याचं ओझं ती आठव्या वर्षी उचलत होती, आणि ते तिच्या डोक्यावर मी जेवणाच्या टेबलावर बसून ठेवलं होतं.

म्हणून या खेपेला मी ठरवलं की किनवटच्या दारात पोचताना लेकरांचं पोट निदान अर्धं तरी किनवटच्या वेळेवर आलेलं पाहिजे. थांबायचं ठरलं ते एवढ्यासाठी, फिरायची हौस म्हणून नाही.

कुठे थांबायचं याचा विचार मी नकाशापेक्षा घड्याळावर केला. न्यू जर्सीहून ब्रिटन पाच तास पुढे, आणि तिथून भारत साडेपाच तास पुढे. म्हणजे जवळजवळ बरोबर मधोमध. दुबई-दोहाला थांबणाऱ्याही खूप जणी आहेत, पण तिथे पोचेपर्यंत बहुतेक घड्याळ ओलांडून झालेलं असतं, उरतो फक्त दीड-अडीच तासांचा फरक. तो मुक्काम पाठीला आराम देतो, अंगातल्या घड्याळाला फारसा नाही. आणि पूर्वेकडे जाणं हेच अवघड असतं. आपल्या अंगातलं घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा थोडं लांब चालतं, त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. साधारण दिवसाला एक तास इतकंच ते पुढे सरकतं असं धरतात. साडेदहा तास म्हणजे दहा दिवस. आपली रजाच तीन आठवड्यांची!

दुसरं कारण म्हणजे लेस्टरला माझी मावसबहीण राहते. तिच्याकडे तीन रात्री.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण इथेच जास्त जणी अडकतात. आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर, त्यामुळे आम्हाला ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा काढावा लागला, आणि त्याला वेळ लागतो, तिकिटाच्या आधी त्याचं बघा. मुलांचे पासपोर्ट अमेरिकन. त्यांना व्हिसा नको, पण जानेवारी २०२५ पासून ईटीए नावाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते, तान्ह्या बाळालासुद्धा. भारतासाठी त्यांची ओसीआय कार्डं वेगळी, ती हातातल्या पिशवीत. तिकीट मल्टी-सिटी म्हणून बघायचं. चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलं की ब्रिटनचा विमानप्रवास कर तिकिटात लागतो, पण इकॉनॉमीत सोळा वर्षांखालच्या मुलांना तो नसतो. आणि एक, मध्ये थांबलं की सगळ्या बॅगा ताब्यात मिळतात, त्या ओढाव्या लागतात. पेढे नेऊ नका. बाहेरून दुधामांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. मी ऐन वेळी पेढ्यांचा डबा शेजारणीला देऊन आले, ती अजून आठवण काढते.

विमान आम्ही सकाळचं घेतलं. बहुतेक विमानं संध्याकाळी निघून सकाळी लंडनला पोचतात, आणि मुलं चार तास अर्धवट झोपून चिडलेली उतरतात. सकाळी साडेआठला निघालेलं रात्री साडेआठला उतरतं. मुलं जागी असतात, खेळतात, आणि उतरल्यावर रात्रच असते. मला हे फार सोयीचं वाटलं होतं. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, ती थोरलीच्या आली.

निघायच्या आदल्या आठवड्यात तिने आजीला फोन केला. विमानात सूर्यास्त कुठला धरायचा? न्यू जर्सीचा, लंडनचा की किनवटचा? सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझे पाय जिथं असतील तिथला धर गं माय. विमानात पाय कुठंच नसतात, तवा खिडकीतून दिसंल तो."

हे उत्तर सुंदर आहे, आणि त्यानं माझी फजिती केली. पूर्वेकडे उडताना सूर्य समोरून पळत मागे जातो. हिवाळ्याचा दिवस, त्यात उत्तरेकडची वाट. जेवण साडेदहाला आलं. जैन जेवण आधी नोंदवलं होतं, ते निदान दोन दिवस आधी नोंदवाच, आणि तरी झाकण उघडून बघाच. मागच्या एका प्रवासात एका कंपनीनं जैन म्हणून दिलेल्या ताटात बटाटा निघाला होता. या वेळी भात, वाटाणे आणि फळं होती. थोरलीनं निम्मं खाल्लं, निम्मं ठेवलं, सकाळी कोणाला एवढी भूक असते? आणि थोड्या वेळानं उजवीकडच्या खिडकीत आभाळ तांबडं व्हायला लागलं. तिच्या मनगटावरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. न्यू जर्सीत तिच्या वर्गातली मुलं डबे उघडत असतील आणि इथे अटलांटिकवर दिवस मावळला. तिने खिडकीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. ताट केव्हाच नेलं होतं.

पुढचे तास मी मोजत होते. विमान उतरलं, रांग, बॅगा, मग लेस्टरपर्यंत अडीच तासांची बस. बाहेर मिट्ट काळोख आणि पाऊस. धाकटा दशमी खात होता. त्याला मी चार वर्षांचा म्हणून काही म्हणत नाही. आठ वर्षांखालच्या लेकराला नियमाचं बंधन नसतं असंच आपल्याकडे सांगत आले आहेत. दुधात मळलेली दशमी, शेंगदाण्याची चटणी, बसभर वास. थोरली खिडकीला डोकं टेकून बसली होती. तोंड एवढंसं झालेलं. मी दशमीचा तुकडा तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "खा गं. आजीला सांगणार नाही."

हे मी म्हणायला नको होतं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तुकडा परत डब्यात ठेवला. ती रागावली नव्हती. तिला बहुधा वाटलं असेल की आईला कळलंच नाही.

घरी पोचलो तेव्हा बारा वाजले होते, तिच्या अंगात संध्याकाळचे सात. बहिणीनं वेलदोडा घालून पेलाभर दूध दिलं, मग आणखी एक पेला. दोन वाजता दोघं झोपली, सकाळी दहाला उठली. उठल्या उठल्या थोरलीनं तीन पराठे खाल्ले. बहीण हसली. म्हणाली, आमचं इथलं असंच असतं. डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत जातो. त्यात उगवल्यावर दोन घटका सोडायच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि मावळायच्या आधी दोन घटका. उरतात जेमतेम सहा तास. जूनमध्ये मात्र रात्री नऊ वाजून गेले तरी ऊन. हिवाळ्यात तुम्ही सगळे साधू होता आणि उन्हाळ्यात खादाड, असं तिचा नवरा म्हणतो.

लेस्टरचं जैन सेंटर पाहायचं होतंच. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं हे मूळचं चर्च. समाजानं ते घेतलं, दर्शनी बाजू कोरीव संगमरवरानं मढवली आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. आत कोरीव खांब आहेत, आणि रंगीत काचांच्या खिडक्यांतून महावीर स्वामींचं चरित्र. एकाच छपराखाली श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासींचा उपाश्रय. आपल्याकडे एका गावात दोन पंथांचं पटलं तरी आपण कौतुक करतो! इथले बरेचसे लोक आफ्रिकेतून आलेले गुजराती. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून नव्वद दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा कितीतरी कुटुंबं लेस्टरमध्ये येऊन राहिली. तिथं भेटलेल्या एका आजींनी मला विचारलं, कुठे चाललात? मी म्हटलं, घरी. तर म्हणाल्या, तुमचं घर जागेवर आहे, नशीबवान आहात. आम्ही दर्शन घेतलं, थोरलीनं जाप केला, आणि धाकटा गालिच्यावर आडवा होऊन घोरायला लागला. मी त्याला अर्धा तास झोपू दिलं. त्यापेक्षा जास्त नाही, हे मात्र कडक पाळा. दुपारची अर्ध्या तासाची झोप चालते, तीन तासांची झोप रात्र खाऊन टाकते.

उजेडाचं एक सांगायचं राहिलं. सगळे सांगतात, उतरल्यावर सकाळी उन्हात न्या. पण पूर्वेकडे गेल्यावर पहिल्या सकाळी फार लवकरचा उजेड उलटा परिणाम करतो, कारण अंगात तेव्हा मध्यरात्र असते आणि घड्याळ मागे सरकतं. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी साडेदहानंतर बाहेर पडलो, दुसऱ्या दिवशी साडेनऊला, तिसऱ्या दिवशी नऊला. बागेत, पावसात, छत्री घेऊन. ढगाळ आभाळाचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. झोपेच्या गोळ्या, मेलाटोनिन वगैरे मी मुलांना दिलं नाही. ज्यांना द्यायचं असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्यावं, मैत्रिणीला विचारून नाही. तिसऱ्या रात्री दोघं साडेदहाला झोपली. पाच तासांपैकी तीन-साडेतीन तास सरकलं असेल. पूर्ण नाही, पण घर सोडल्यावर तीन रात्री सलग, आडवं होऊन, पांघरुणात झोप झाली होती. माझीसुद्धा.

लंडनहून हैदराबादचं विमान दुपारचं होतं. या वेळी थोरलीनं विमानतळावर एक वाजताच डबा उघडला आणि सगळा संपवला. मला सांगावं लागलं नाही. पहाटे शमशाबादला उतरलो. मुंबईऐवजी हैदराबाद घेतलं ते याचसाठी की पुढे गाडीनं सात-आठ तासांत घर येतं. कृष्णा एक्सप्रेसही किनवटला जाते, पण बॅगा आणि चार वर्षांचं पोर बघता गाडी बरी. कामारेड्डीच्या अलीकडे उजाडलं, एका हॉटेलात इडली खाल्ली. निर्मल गेलं, आदिलाबाद गेलं, मग सागाचं रान सुरू झालं. मुलांना मी झोपू दिलं नाही. गाण्याच्या भेंड्या, झाडं मोजणं, शेवटी लाच म्हणून गुळाची चिक्की. धाकटा एकदा ओकला. त्यानं सगळे जागे झाले.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. पाच वाजता पानं वाढली. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वालाच्या शेंगांची भाजी. थोरली आजीच्या ताटाला ताट लावून जेवली. आजीनं पाणी प्यायलं तेव्हा तिनं प्यायलं. ओटा पुसायला तिनंच फडकं घेतलं. दार लोटलं गेलं, आणि मी ते पाहत उभी राहिले. साडेसातला दोघं गाढ झोपली.

सव्वातीनला धाकटा उठला. इतकं सगळं करून. त्याच्या पोटात काय वाजलं होतं देव जाणे. "भूक" म्हणाला. मी उठेपर्यंत थोरली उठली होती. अंधारात तिचा आवाज आला, "शू. आजी उठेल."

आजी उठलेलीच होती. त्या चारला जापाला बसतात, पण त्या दिवशी आधीच उठून बसल्या होत्या. त्यांनी दिवा लावला. आमच्या खाटेच्या उशाशी एक डबा होता, तो मी पाहिलाच नव्हता. दिवसाउजेडी करून ठेवलेले रव्याचे लाडू, दोन केळी आणि झाकलेला पाण्याचा तांब्या. दार लोटलेलं होतं तसंच राहिलं. धाकट्याच्या हातात लाडू दिला, आणि दुसरा थोरलीपुढे धरला. तिनं मान हलवली.

"मला नको. तुला उपास पडेल."

सासूबाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं जमीन दुभंगावी. मग त्यांनी तिला जवळ ओढलं. "तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. म्हणजे मला नाही, बाबाला. आणि बसमध्ये आई म्हणाली खा, आजीला सांगणार नाही."

घ्या! मी पांघरूण डोक्यावर घेतलं.

सासूबाई हसल्या. त्या तशा मोठ्यानं हसत नाहीत. "चूल मी पेटवली होती, माझ्या हातानं. नियम माझा, तवा उपास माझा. तुझी भूक त्यात कुठून आली?" थोरली म्हणाली, पण मी रडले म्हणून. त्या म्हणाल्या, "लेकरू भुकेनं रडतंच. नाही रडलं तर काळजी."

मग त्यांनी तिला विचारलं की तू नियम किती दिवसांचा घेतलास? थोरलीला ते माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, घेतला म्हणजे कायमचा. सासूबाईंनी तिला समजावलं ते मी पांघरुणातून ऐकलं, आणि मलाही नव्यानं कळलं म्हटलं तरी चालेल. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दोन वेगळे शब्द आहेत, नियम आणि यम. ठरावीक काळापुरता घेतात तो नियम, आणि जन्मभराचा घेतात तो यम. आपण सगळ्यालाच नियम म्हणून टाकतो. सासूबाई म्हणाल्या, "माझा यम आहे. तो मी तीन लेकरं मोठी झाल्यावर घेतला, तुझ्या वयात नाही. तू रोज घे. आज दिवस मावळला की उद्या उगवेपर्यंत. जमेल त्या दिवशी घे. प्रवासात घेऊ नको."

"मग आत्ताचा?"

"आत्ताचा तू घेतलायस, तर आता उजाडेपर्यंत बस माझ्याजवळ."

बसली. धाकटा लाडू खाऊन पुन्हा झोपला, ही आजीच्या पांघरुणात शिरून जाप ऐकत बसली. मला झोप लागली. उठले तेव्हा साडेसात वाजून गेले होते, दार उघडं होतं, कोथिंबीर चिरल्याचा वास येत होता, आणि सासूबाई तव्यावर धपाटे टाकत होत्या. थोरली पाटावर बसून चौथं खात होती. मला बघून सासूबाई म्हणाल्या, "उठलीस? ये. आजीला न सांगता खायचं असंल तर तिकडं तोंड करून बस."

चार दिवसांत दोघांची झोप रुळावर आली. मागच्या वेळी दहा दिवस लागले होते. परतताना आम्ही मध्ये मुक्काम केला नाही. पश्चिमेकडे जाताना सूर्य बरोबरीनं चालतो, दिवस लांबत जातो, मुलांना ते सोपं जातं. हैदराबादच्या विमानतळावर पहाटे थोरलीनं आजीला फोन लावला आणि विचारलं, आज घेऊ का? मला पलीकडचं ऐकू आलं नाही. तिनं फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "आई, केळ्याचे वेफर्स आहेत ना आपल्याकडे? रात्रीसाठी वेगळे ठेव."